तरस-मित्र प्रतिष्ठानची स्थापना व उद्दिष्टे

थोर संस्था म्हणे कुणाच्या तरी अंतःकरणात जन्माला येतात. तरस-मित्र प्रतिष्ठान, मुक्काम चांदे, तालुका मुळशी, ही संस्था मात्र नवव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत जन्माला आली आणि तिच्या जन्माला कारण झाला समोरच्या टेकडीच्या पायथ्याशी ठोकलेला एक फलक. 'हिल क्रेस्ट' या गृहसंकुलाचा दुसरा टप्पा लवकरच येत असून त्यात बावीस मजल्यांचे दोन टॉवर असतील, एवढाच त्यावर मजकूर होता. पहिल्या टप्प्यात राहणारे दयानंदराव बिरादार चहाचा कप हातात धरून तो मजकूर वाचत होते. चहा निवला, त्यावर साय धरली, तरी त्यांचं वाचून संपेना.

दयानंदराव मूळचे उदगीरचे. तिथल्या घरात त्यांच्या खोलीला एक खिडकी होती, आणि ती उघडली की हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. दहावीचा अभ्यास, बारावीचा अभ्यास आणि मधल्या काळातलं एक फसलेलं प्रेम, सगळं त्यांनी त्या भिंतीकडे बघत निभावलं होतं. म्हणून हिंजवडीत नोकरी लागली, बढत्या मिळाल्या आणि घर घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली की खिडकीतून काहीतरी दिसलं पाहिजे. पत्नी मेधाताई पिरंगुटच्या एका शाळेत गणित शिकवत. त्या म्हणाल्या होत्या की स्वयंपाकघर फार लहान आहे. "स्वयंपाकघराचं काय घेऊन बसलीस, टेकडी बघ," असं उत्तर त्यांना मिळालं होतं. तेव्हापासून त्या लहान स्वयंपाकघरात मोठ्या टेकडीकडे बघत पोळ्या लाटत होत्या.

आणि आता टेकडीच्या जागी बावीस मजले येणार होते, म्हणजे पुन्हा भिंतच. दयानंदराव बिल्डरच्या कार्यालयात गेले. टाय बांधलेल्या एका पोरसवदा अधिकाऱ्यानं त्यांना थंड पाणी दिलं आणि तितक्याच थंडपणे सांगितलं, "सर, आपण हिल व्ह्यू म्हटलं होतं. कायमचा म्हटलं नव्हतं." मग ते ओळखीच्या वकिलाकडे गेले. वकील म्हणाला, "दृश्याला कायद्यात कवडीची किंमत नाही. टेकडीवर एखादं दुर्मिळ जनावर राहत असेल तर बोला." दयानंदरावांना निसर्गाची ओढ लागली ती त्या क्षणापासून.

या ओढीत त्यांना पहिली साथ मिळाली ती चौथ्या मजल्यावरच्या अपूर्वाची. अपूर्वा आयटीत होती, शनिवार-रविवार कॅमेरा गळ्यात घालून हिंडायची आणि प्राणिमात्रांबद्दल तिच्या मनात अपार कणव होती. पालीपासून भटक्या कुत्र्यापर्यंत कुणीही तिच्या मायेतून सुटलं नव्हतं. सुटले होते ते फक्त सोसायटीचे वॉचमन. दोघांनी मिळून टेकडी पालथी घातली. पोपट दिसले, मुंगूस दिसलं, मोर तर ढिगानं दिसले. पण मोर हल्ली सगळ्यांकडेच असतात, मोरावर टॉवर अडत नाही, असं वकिलाचं मत पडलं.

टेकडीच्या पलीकडच्या उताराला बयाबाईचा शेळ्यामेंढ्यांचा वाडा होता. बयाबाई साठीची, आवाजानं खणखणीत, आणि टेकडीवर तिची जनावरं रोजची चरत. दयानंदरावांनी तिला गाठलं.

"मावशी, इथे एखादा वन्यप्राणी दिसतो का हो?"

"वन्य म्हंजी?"

"जंगली. दुर्मिळ असा."

"तरस हाय की एक," बयाबाई म्हणाली. "पर त्याला काय बगायचं? लई वंगाळ दिसतंय. म्होरनं उच्च, मागनं बसकं. आन वास तर इचारूच नगा."

दयानंदरावांनी तिचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

अपूर्वानं झाडाला कॅमेरा बांधला आणि आठवड्याच्या आत तरसाचा फोटो आला. सोसायटीच्या ग्रुपवर तो पडला. देवानं इतर जनावरं घडवून झाल्यावर उरलंसुरलं सामान एकत्र करून उभा केल्यासारखा तो प्राणी होता. मानेवर राठ आयाळ, अंगावर मळकट पट्टे, ढुंगण जमिनीकडे ओढलेलं. "बिबट्या नाही का मिळणार?" असं सोसायटीचे चेअरमन मनीष यांनी विचारलंसुद्धा. पण पदरी पडलं पवित्र झालं. शिवाय हे जनावर कायद्यानं संरक्षित आहे असं वकिलानं कळवलं, आणि मग ते सगळ्यांनाच हळूहळू देखणं दिसू लागलं.

अशा रीतीने तरस-मित्र प्रतिष्ठान स्थापन झालं. दयानंदराव अध्यक्ष, अपूर्वा सचिव, मनीष खजिनदार. बोधचिन्ह करायला दिलेल्या चित्रकाराला खरं तरस बघवेना. त्यानं त्याला हरणाचे डोळे दिले, पाठ सरळ केली, आणि शेवटी जे झालं ते सी विंगमधल्या लॅब्राडोरसारखं दिसत होतं. तेच टी-शर्टांवर छापलं गेलं. घटनेत सात उद्दिष्टं होती. तरसाचं संवर्धन, त्याच्या अधिवासाचं रक्षण, जनजागृती, पुढच्या पिढ्या वगैरे. आठवं उद्दिष्ट लिहिलेलं नव्हतं, पण पश्चिमेला बाल्कनी असलेल्या प्रत्येक सभासदाला ते पाठ होतं. पूर्वेकडच्या विंगमधून टेकडी दिसत नसे. त्या विंगमधल्या एकाही माणसाला तरसाबद्दल प्रेम वाटलं नाही, हा केवळ योगायोग समजावा.

वनखात्याचे अधिकारी आले, फोटो बघून गेले आणि त्यांनी सरळ गोष्ट सांगितली. डिसेंबरात तज्ज्ञ पाहणीला येतील. तोवर बिल्डरनं टेकडीला हात लावायचा नाही. टेकडीवर तरसाचा वावर दिसला तर टेकडी वाचली. नाही दिसला तर बिल्डरची यंत्रं मोकळी. त्या दिवशी पश्चिमेच्या विंगमध्ये पेढे वाटले गेले, कारण तरस तर होतंच, आता ते डिसेंबरापर्यंत टिकवलं की झालं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना एक जनावर चार महिने जागेवर ठेवणं काय अवघड?

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी दयानंदराव कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला एकटेच टेकडीवर गेले होते. करवंदीच्या जाळीतून ते बाहेर आलं. दहा पावलांवर. दयानंदराव हातातल्या बॅटरीसकट जागीच थबकले. तरसानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, भीती नव्हती, आणि आपल्याला कुणी बघतंय याची फिकीर तर बिलकूल नव्हती. मग ते आपल्या त्या खालवर चालीनं वर निघून गेलं. दयानंदराव किती तरी वेळ तिथेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असं काही पाहिलं होतं ज्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि त्यांना ते फार आवडलं.

"लंगडतं असं वाटतं ग," ते रात्री जेवताना मेधाताईंना म्हणाले. "पण लंगडत नाही. त्याची चालच तशी."

"बरं मग?"

"मग काही नाही. इतकं कुरूप आहे, आणि त्याचं त्याला काहीच नाही."

मेधाताईंनी त्यांच्या ताटात पोळी वाढली आणि लग्नानंतर क्वचितच घडणारी गोष्ट घडली, त्या काही टोचून बोलल्या नाहीत. दयानंदराव त्या दिवसापासून खरोखरच तरसाचे मित्र झाले. प्रतिष्ठानात असा तो एकटाच सभासद, आणि सगळा घोटाळा नेमका त्याच्याच हातून व्हायचा होता.

ऑक्टोबरात प्रतिष्ठाननं सभासदांसाठी 'तरस-दर्शन पदभ्रमंती' काढली. टी-शर्ट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, मुलंबाळं असा जथा टेकडी चढला. वर गेल्यावर वारा फिरला आणि सगळ्यांनी एकदम नाकं धरली. टेकडीच्या माथ्यामागे एक सपाटी होती. गावात बैल मेला, म्हैस मेली, शेळी मेली की ती दोरानं ओढत आणून इथे टाकायची, ही आसपासच्या वाड्यावस्त्यांची बापजाद्यांपासूनची रीत. सपाटीवर हाडांचा खच होता आणि मधोमध एक ताजी म्हैस फुगून पडली होती. दोन मुलं ओकली. मनीष यांचे नवे बूट कशात तरी घोट्यापर्यंत गेले. अपूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बिचाऱ्याच्या घरात एवढी घाण!" ती म्हणाली. "आपण याला अधिवास म्हणायचं?"

झालं. 'स्वच्छ टेकडी, सुखी तरस' ही मोहीम दुसऱ्याच रविवारी निघाली. जेसीबी आला, खड्डा खणला गेला, म्हैस गाडली, हाडं गाडली, वर चुना आणि चुन्यावर फिनेल. मेलेली जनावरं टाकण्यास सक्त मनाई, असा फलक लागला. दयानंदरावांनी स्वतः हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून एका बैलाची कवटी उचलली. आपण आपल्या मित्राचं घर झाडतो आहोत, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला होता.

नुसती मनाई करून लोक ऐकत नाहीत, हे ओळखून प्रतिष्ठाननं सोयही केली. बयाबाईचा मुलगा म्हसू याचा टेम्पो होता. कुणाचंही जनावर मेलं की म्हसूला फोन करायचा, त्यानं ते उचलायचं आणि लांब नदीच्या अंगाला नेऊन मीठ घालून पुरायचं. भाडं प्रतिष्ठान देणार. गावानं या योजनेचं जे स्वागत केलं ते बघून अध्यक्ष गहिवरले. मेलेला बैल टेकडीवर ओढत न्यायला चार माणसं गोळा करावी लागत, कमरेचे काटे ढिले होत. आता एका फोनवर काम.

"लई पुन्याचं काम केलंसा, सायेब," बयाबाई म्हणाली. म्हसूचं तर असं मत झालं की अशी संस्था गावोगाव निघायला पाहिजे.

तरसाचं काय होईल हा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. तरसाची काळजी तिथे आजवर कुणी केलीच नव्हती. प्रतिष्ठानात सगळेच रात्रंदिवस तरसाची काळजी करत होते, त्यामुळे प्रश्न पडायला कुणी मोकळं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला कॅमेऱ्यात तरस दिसेनासं झालं. मांजरं दिसली, म्हसूच्या शेळ्या दिसल्या, उघड्यावर बसलेला एक वॉचमन दिसला, तरस नाही. अपूर्वानं निदान केलं की त्याला मानसिक ताण आला आहे. मग टेकडीच्या बाजूला फटाके बंद झाले. पाण्यासाठी सिमेंटची कुंडी बांधून झाली. पायवाटेवर 'शांतता राखा, तरस विश्रांती घेत आहे' अशी पाटी लागली. तरी तरस येईना. डिसेंबर तोंडावर आला आणि दयानंदरावांच्या घशाखाली घास उतरेना.

"भूक नाही," ते ताट सारत म्हणाले. "त्याला इथे काय कमी होतं, तेच समजत नाही. स्वच्छ केलं, शांत केलं, पाणी दिलं."

मेधाताई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या कंपनीचं कँटीन पाडून तिथे कुणी फिनेल टाकलं, आणि पाणी ठेवलं, तर तुम्ही किती दिवस जाल हो ऑफिसला?"

 दयानंदरावांनी कपाळावर हात मारून घेतला. आपल्या हातानं, हातमोजे घालून, आपण त्याचं ताट पुरलं होतं.

ही गोष्ट प्रतिष्ठानच्या बैठकीत सांगायची त्यांची छाती झाली नाही. पुन्हा मढी टाका म्हटलं तर पश्चिमेच्या विंगनं वासापायी त्यांनाच खाली टाकलं असतं. तेव्हा गुपचूप काहीतरी करावं असं ठरवून ते दुसऱ्या दिवशी बयाबाईच्या वाड्यावर गेले. मेंढरं बाहेर निघायच्या बेतात होती.

"मावशी, एक विचारू का? तुमच्याकडे एखादं मेलेलं बकरू असेल का? म्हणजे... किंवा मरायला टेकलेलं?"

बयाबाईच्या हातातली काठी जागच्या जागी थांबली.

"काय म्हनलास? भरल्या वाड्यावर यून मेलेलं मागतुयास? सकाळच्या पारी? आरं जीभ हाय का काय हाय ती?"

"तसं नाही मावशी, मला फक्त..."

"गप! म्हसू, भंडारा आण आदी!"

ज्याचं पोट जितराबावर आहे त्याच्या दारात उभं राहून मेलेलं मागणं, हे लग्नघरी जाऊन तेराव्याची तारीख विचारण्यापैकी होतं. दयानंदरावांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बयाबाईनं सगळ्या मेंढरांवर भंडारा उधळला, वाड्याच्या तोंडावर उधळला आणि उरलेली मूठ दयानंदरावांच्या डोक्यावर रिकामी केली. त्या दिवशी कंपनीच्या मीटिंगमध्ये ते पिवळ्या भांगानं बसले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. आयटीत कोण कुणाला विचारतो?

म्हसू मात्र त्यांना वाटेपर्यंत सोडायला आला होता. "सायेब, कोंबडीचं बगा की. घोटावड्यात वाल्मीकचं चिकनचं दुकान हाय. आतडी, मुंड्या समदं फेकूनच देतंय त्यो."

"अरे, पण ते तिथे खायला यायचं, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी म्हनला घान काडा. घान काडली," म्हसू म्हणाला. "आन माझा टेम्पो कवा न्हाई त्यो रोज चाललाय, सायेब. मी कशाला बोलू?"

दयानंदरावांनी त्याच्याकडून वाल्मीकच्या दुकानाची वाट विचारून घेतली.

आता दयानंदराव बिरादार हे लिंगायत घरातले. त्यांच्याकडे अंड्यालासुद्धा 'ते' म्हणत आणि म्हणताना आवाज उतरवत. असा माणूस ऑफिस सुटल्यावर घोटावड्याला चिकनच्या दुकानासमोर आपली पांढरीशुभ्र गाडी लावून, तोंड दुसरीकडे करून उभा राहू लागला. वाल्मीकनं पहिल्याच दिवशी पिशवी भरता भरता विचारलं,

"कुत्रं पाळलंय जनू?"

"हो."

"कितीक हायेत?"

"एकच."

वाल्मीकनं गच्च भरलेल्या पिशवीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. "आवं, मग कुत्र्यानं तुमाला पाळलंय म्हना की."

रोज दिवेलागणीला दयानंदराव टेकडीच्या निम्म्या वाटेवर एका सपाट खडकावर पिशवी रिती करत आणि लांब जाऊन बसत. पहिले काही दिवस कावळ्यांची चंगळ झाली. मग एका संध्याकाळी करवंदीची जाळी हलली. वाळलं होतं, बरगड्या दिसत होत्या, पण तेच होतं. हाडं फुटल्याचा आवाज ऐकून दयानंदरावांना जे सुख झालं ते त्यांना मुलाखतीत पास झाल्यावरही झालं नव्हतं. टॉवर, बाल्कनी, डिसेंबर, कशाचीही त्या वेळी त्यांना आठवण नव्हती. पंधरवड्यात तरस त्यांच्या आधी येऊन खडकाशी बसू लागलं. ते आले की उठायचं, चार पावलं मागे सरायचं आणि त्यांनी पिशवी रिती करेपर्यंत थांबायचं. अध्यक्ष आणि तरस यांच्यात एक शिस्तच पडून गेली.

"गाडीत वास कसला येतो हो?" मेधाताईंनी एकदा विचारलं.

"ऑफिसातल्या एकाला लिफ्ट दिली होती."

"तो वारला का?"

दयानंदरावांनी डिकीत उदबत्तीचा पुडा टाकला. पण पिशव्या गळत होत्या, बंपरवरून ओघळ जात होते, आणि टेकडीच्या वाटेपासून 'हिल क्रेस्ट'च्या तळघरातल्या पार्किंगपर्यंत रोज एक अदृश्य रेघ ओढली जात होती. माणसाच्या नाकाला ती कळत नव्हती. तरसाचं नाक माणसाचं नव्हतं.

पाहणीला आठवडा उरला असताना चेअरमन मनीष पहाटे पळायला म्हणून खाली उतरले. अंगात प्रतिष्ठानचा टी-शर्ट होता. पार्किंगमध्ये एका पांढऱ्या गाडीचा बंपर काहीतरी मनापासून चाटत होतं. छातीवर तरस आणि समोर तरस, अशा अवस्थेत खजिनदार जनरेटरच्या पत्र्यावर चढले आणि तिथून त्यांनी जी हाक मारली ती पूर्वेच्या विंगलाही स्वच्छ ऐकू गेली. तरस आपल्या चालीनं रॅम्प चढून निघून गेलं. दुसऱ्या पहाटे ते पुन्हा आलं.

त्याच संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये सर्वसाधारण सभा भरली. इतकी गर्दी पाणीकपातीलाही झाली नव्हती. मुलं खेळतात, म्हातारी माणसं फिरतात, उद्या कुणाला धरलं म्हणजे? तरसमित्रच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते. वनखात्याकडे अर्ज करून जनावर पकडून लांब नेऊन सोडावं, असा ठराव मनीष यांनी मांडला.

"पण मग पाहणी?" कुणीतरी चाचरत म्हणालं. "तरस गेलं की टेकडी गेली."

"जाऊ दे की टेकडी!" हे पश्चिमेच्या सातव्या मजल्यावरचे गृहस्थ होते. "टॉवर झाले तर निदान तिकडून जनावरं तरी येणार नाहीत."

त्यावर टाळ्या पडल्या. प्रतिष्ठानचं आठवं उद्दिष्ट असं भर सभेत वारलं, आणि बाकीची सात त्याच्या मागोमाग सती गेली.  "खरं तर ते तरसाच्याच हिताचं आहे," अपूर्वा म्हणाली. "त्याला आपल्यापासून धोका आहे."

दयानंदराव पहिल्या रांगेत बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. तरसाची चूक नाही, पिशवी मी आणत होतो, गाडी धुतली आणि पिशवी टेकडीवर चालत नेली तर ते पुन्हा इकडे फिरकणार नाही. एवढं बोलले असते तर कदाचित जनावर राहिलं असतं आणि टेकडीही. पण मग बिरादार रोज कोंबडीची आतडी वाहत होते हे उदगीरपर्यंत कळलं असतं. हिंस्र जनावर सोसायटीत आणलं म्हणून ह्याच माणसांनी त्यांना फाडून खाल्लं असतं. शेजारी मेधाताई बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. नाक त्यांनाही होतं.

"बोला की आता," त्या हळूच म्हणाल्या.

दयानंदराव उठले. सगळी सभा त्यांच्याकडे बघू लागली. त्यांनी घसा साफ केला. "अध्यक्ष या नात्याने," ते म्हणाले, "माझं ठरावाला अनुमोदन आहे." आणि ते खाली बसले. मेधाताईंनी पर्स उचलली आणि त्या सभेतून निघून गेल्या.

पिंजरा आला. पार्किंगच्या रॅम्पशेजारी लागला, आत बोकडाचं मटण टांगलं गेलं. तरस येई, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारी, आणि बंपर चाटून परत जाई. दोनदा असं झाल्यावर वनखात्याचा माणूस म्हणाला, "आता भुलीचं इंजेक्शन मारावं लागेल. म्हातारं जनावर आहे. उठेल असं काही छातीठोक सांगता येत नाही."

हे ऐकल्यावर दयानंदराव गाडी काढून घोटावड्याला गेले.

दुसऱ्या पहाटे फटफटायच्या वेळेला भुलीचं इंजेक्शन मारताना बघायला सगळ्या विंगांच्या खिडक्यांत माणसं जमली. पूर्वेच्या विंगला आयुष्यात पहिल्यांदा चांगला व्ह्यू मिळाला होता. तरस आलं. पिंजऱ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ पांढऱ्या गाडीशी गेलं आणि डिकीसमोर बसलं. गाडीआडून दयानंदराव पुढे झाले. वरून कुणीतरी किंचाळलं. तरस उठलं, चार पावलं मागे सरलं आणि थांबलं. टेकडीवर थांबायचं तसंच.

त्यांनी डिकी उघडून पिशवी काढली. पिंजऱ्यापर्यंत चालत गेले. वाकून, रांगत आत शिरले, अगदी मागच्या गजांशी पिशवी रिती केली आणि उलटे सरकत बाहेर आले. मग रोजच्यासारखे लांब जाऊन उभे राहिले. तरसानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपल्या खालवर चालीनं, जराही न बिचकता, आत गेलं.

वनखात्याच्या माणसानं दोर सोडला आणि दार पडलं. त्या आवाजानं तरस दचकलं, वळलं, दाराकडे बघितलं, आणि दयानंदराव समोरच उभे आहेत असं बघून पुन्हा पिशवीतलं खाऊ लागलं.

सगळ्या खिडक्यांतून टाळ्या सुरू झाल्या. अपूर्वा मोबाईल समोर धरून धावत आली. "सर, ग्रेट! दोन दिवस कुणाला जमलं नाही. तुम्हाला कसं काय जमलं?"

"ओळखतं ते मला," दयानंदराव म्हणाले, आणि उघड्या डिकीच्या कडेवर बसून सगळ्या सोसायटीदेखत रडू लागले.